विहिरीतले मासे

"तुम्ही जैन ना? मग डास चावला तर काय करता हो?"

हा प्रश्न मला आजवर किती जणांनी विचारला असेल याची मोजदाद नाही. लग्नाच्या पंगतीत, म्हापशाच्या बसमध्ये, मुलांच्या शाळेतल्या पालकसभेत. विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. गोव्यात मासळी न खाणारा माणूस हा आधीच कुतूहलाचा विषय. त्यात कांदा-बटाटा नाही, रात्रीचं जेवण नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न डासाचाच येणार. मी "हाकलतो की" म्हणून हसते, समोरचाही हसतो, आणि पानात भात वाढला जातो.

मला विचाराल तर हा प्रश्न फार लहान आहे. हातावर बसलेल्या एका डासाचं काय करायचं, हे क्षणात ठरतं आणि क्षणात विसरलं जातं. त्या डासाच्या मागे जे उभं असतं ते मात्र मोठं आहे: साठलेलं पाणी, त्या पाण्याचा मालक, तापाने फणफणलेला माणूस, त्याच्या हातातली गोळ्यांची पट्टी आणि ती पट्टी संपली की नाही हा हिशेब. हिंसा-अहिंसेचा खरा कस तिथे लागतो. आणि तिथे कुणी आपल्याला "तुम्ही जैन ना?" असं विचारत नाही.

डिचोली तालुक्यात आज आमची घरं थोडी. पण आमची माणसं इथे नवी नव्हेत. कुडण्याच्या गुजीरला आणि नार्व्याच्या जैनकोटला जांभ्या दगडात बांधलेल्या जैन देवळांचे अवशेष अजून उभे आहेत. पावसात गेलं तर भिंतींवर शेवाळ असतं, झाडांची मुळं दगडात शिरलेली असतात. मी तिथे गेले की मला मूर्तीआधी पाणी आठवतं. शेकडो वर्षांपूर्वी याच मातीत कुणीतरी बाई दुहेरी फडकं घागरीवर बांधून पाणी गाळत असणार. गाळून झालं की फडकं उलटं करायचं, गाळलेल्या पाण्याने ते हलकेच खंगाळायचं आणि त्यात अडकलेले जीव जिथलं पाणी तिथेच परत सोडायचे. याला आम्ही जिवाणी म्हणतो. माझ्या सासूबाई पंच्याऐंशीच्या घरात आहेत. नळ आला, फिल्टर आला, तरी पिण्याचं पाणी त्या परसातल्या विहिरीचंच घेतात आणि जिवाणी स्वतःच्या हाताने विहिरीत सोडतात.

अडचण तिथेच सुरू झाली.

मागच्या जूनमध्ये आरोग्य केंद्रातून एक बाई आल्या. आमच्याकडे त्यांना सगळे "मलेरियावाली" म्हणतात. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, तिथल्या एका मजुराचं रक्त तपासल्यावर हिवताप निघाला होता, म्हणून त्या आजूबाजूच्या घरांतलं पाणी बघत फिरत होत्या. त्यांनी आमच्या विहिरीत पांढरी वाटी बांधलेली दोरी सोडली, पाणी वर काढलं आणि मला दाखवलं. वाटीत तीन-चार काड्या आडव्या तरंगत होत्या. "बघा वहिनी, आडव्या आहेत ना? बाकीच्या डासांच्या अळ्या पाण्यात डोकं खाली करून लोंबकळतात, श्वासाची नळी वर काढून. हिला नळी नाही. म्हणून ती पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून सपाट पडते. ही मलेरियाची." मग पिशवीतून पाण्याने भरलेली प्लास्टिकची थैली काढली. आत गप्पी मासे. ते विहिरीत सोडायचे, ते अळ्या खातात, औषध नको, वास नको. "पांच मिनटांचें काम, आजी," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

सासूबाई विहिरीच्या कठड्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं बोलणं अजून बेळगावकडचं. "पाण्यात मासं सोडाय लागलाय, आणि त्यास्नी खायला जीव. मग आम्ही इतकी वर्सं गाळून कशाला पितोय?"

बाई माझ्याकडे बघू लागल्या. मी सासूबाईंकडे. त्यात फडक्याचं प्रकरण त्यांच्या कानावर गेलं. आजी गाळण्यात सापडलेल्या अळ्या रोज परत विहिरीत सोडतात, हे ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. हसू येण्यासारखंच होतं ते, पण कुणी हसलं नाही, कारण शेजारच्या पत्र्याच्या खोलीत तो मुलगा चार पांघरुणं घेऊन कुडकुडत होता आणि त्याचं कण्हणं परसापर्यंत ऐकू येत होतं.

मला त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या शास्त्रातली हिंसेची वर्गवारी नीट मांडून बघावीशी वाटली. गृहस्थाच्या वाट्याला येणारी हिंसा चार प्रकारची सांगतात. ठरवून, मारायचं म्हणून मारणं ती संकल्पी. स्वयंपाक, झाडलोट, घर चालवणं यात होते ती आरंभी. शेती-व्यापार-धंद्यात होते ती उद्योगी. आणि स्वतःवर, आपल्या माणसांवर आलेलं संकट परतवताना होते ती विरोधी. यांतली संकल्पी गृहस्थाने पूर्ण सोडायची. बाकीच्या तिन्ही टळत नाहीत, पण जितक्या कमी करता येतील तितक्या करायच्या. आता मासे सोडणं यांतलं काय? अळ्यांना मारण्यासाठीच मासे सोडायचे, म्हणजे संकल्पी म्हणावं. पण मुलगा तापाने फणफणतोय, म्हणजे विरोधी म्हणावं. आणि विहीर स्वच्छ ठेवणं हे घरकामच, म्हणजे आरंभी. एका थैलीतल्या दहा-बारा माशांनी माझे तिन्ही कप्पे भरून टाकले.

वर्गवारीने उत्तर मिळत नाही तेव्हा मूळ व्याख्येकडे जावं. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या आहे आणि त्यात जीव घेण्याच्याही आधी प्रमाद येतो. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा, आपल्या वागण्याचं कुठे काय होईल याची पर्वा नसणं. प्रमादातून प्राण जातो ती हिंसा. उलट, सावधपणे पाऊल टाकणाऱ्या साधूच्या पायाखाली नकळत एखादा जीव आला तर त्याला तो दोष तसा लागत नाही, असंही आचार्य सांगतात. चातुर्मासात साधू विहार थांबवतात तेही याचसाठी. पावसाने जमीन जिवांनी भरलेली असते. गोव्यात हिवतापाचा जोर वाढतो तोही याच महिन्यांत, आणि कारणही तेच, पाण्याने जीव वाढतात. फरक इतकाच की साधू त्या चार महिन्यांत जास्त सावध होतो, आणि आपण छत्री आणि पंखा एवढीच तयारी करतो.

आता थोडं त्या डासाविषयी. मलेरिया म्हटलं की आमच्या तालुक्यात बोट जातं खाणींच्या खंदकांकडे. शिरगाव, लामगाव, मये या बाजूला खाणकामाने जमीन पोखरली आणि 2012 साली खाणी बंद पडल्यावर कित्येक खंदकांत पाणी भरून राहिलं हे खरं. त्या पाण्याचे प्रश्न वेगळे आहेत. पण गोव्यात मलेरिया पसरवणारा मुख्य डास, अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी, हा शहरी वृत्तीचा आहे. त्याला स्वच्छ, शांत, माणसाने साठवलेलं पाणी लागतं. गच्चीवरची झाकण मोडलेली टाकी, विहीर, बांधकामावरचं सिमेंटचं टाकं, ओल धरायला स्लॅबवर आळं करून साठवलेलं पाणी. म्हणजे आपण ज्याला चांगलं पाणी म्हणतो तेच. गटारातल्या पाण्यात वाढतात ते बहुतेक दुसरे डास. आमच्या विहिरीचं पाणी गाळून पिण्याइतकं चांगलं होतं म्हणूनच तिथे ती आडवी काडी होती, हे मला नंतर उमगलं.

1980च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत मलेरियाची मोठी साथ आली. बांधकामं वाढली होती, परराज्यांतून मजूर येत होते. पुढे ती साथ कांदोळी-कळंगुटच्या किनारपट्टीकडे सरकली. मलेरियावर संशोधन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र पणजीत काम करू लागलं, आणि तिथल्या शास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात जे प्रयोग केले त्यांतले काही मला फार आवडतात. नुसती फवारणी न करता त्यांनी गोव्याच्याच ओहोळांत सापडणारा एक इवलासा मासा टाक्या-विहिरींत सोडून पाहिला, आणि जोडीला एक जिवाणू वापरला, जो अळीच्या पोटात गेल्यावर तिचं आतडं नासवतो पण माणसाला, गाईगुरांना काही करत नाही. मलेरिया कमी झाला. जैन म्हणून मला यात समाधान वाटावं का? अळी माशाने खाल्ली काय, जिवाणूने मारली काय आणि तेल ओतून गुदमरवली काय, अळीच्या बाजूने फरक शून्य. फरक आहे तो इतरांच्या बाजूने. विषारी फवारणीत जे शेकडो जीव कारण नसताना मरतात ते यात वाचतात. हा फरक मी लहान मानत नाही. आमचं सगळं व्रतशास्त्रच मुळी "थोडं कमी, आणखी थोडं कमी" यावर उभं आहे.

माझी एक भाची सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली आहे. दिवाळीत आली तेव्हा तिला मी मासे, विहीर, सासूबाई सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही विहिरीतल्या चार अळ्यांवर अडलात. आम्ही तर डास पाळतो." मग तिने प्रयोगशाळेतला डासांचा संसार सांगितला. जाळीचे पिंजरे, ठरलेली ऊब, ठरलेली दमट हवा. नरांना आणि माद्यांना साखरपाण्यात भिजवलेला कापूस. अंड्यांसाठी मादीला रक्त लागतं, म्हणून काचेच्या पेल्याला खालून पातळ पडदा ताणून बांधायचा, पेल्यात रक्त घालायचं, त्याच्याभोवती आपल्या अंगाइतकं कोमट पाणी फिरवत ठेवायचं. मादी पडद्याला कातडी समजून सोंड खुपसते. त्या रक्तात मलेरियाच्या रुग्णाकडून घेतलेले परजीवी असतील तर आठवड्याने तिचं पोट फाडून बघायचं, दोन आठवड्यांनी लाळेच्या ग्रंथी. किती परजीवी पोचले, कुठले पोचले.

"आणि त्या डासाला त्याचं काही होत नाही?" मी विचारलं.

"होतं थोडंफार. पण मावशी, खरं म्हणजे परजीवीचं लग्न तिच्याच पोटात लागतं. माणसाच्या रक्तात नर-मादी तयार होतात, पण त्यांचा मिलाप होतो डासाच्या पोटात. आपण नुसते वाढण्याची जागा."

मला हे फार चमत्कारिक वाटलं. आपण डासाला शत्रू समजतो. तिला शत्रुत्वाचं काही माहीत नाही. ती आई आहे, अंड्यांसाठी रक्त शोधतेय. आणि तिच्या पोटात तिच्याही नकळत दुसऱ्याच कुणाचा वंश वाढतोय. इथे संकल्प कुणाचाच नाही, ना डासाचा ना परजीवीचा. संकल्प करू शकणारा या साखळीत एकच आहे.

हा शोध लागला आपल्याच देशात. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला. ते डास ज्याच्या अंगावर बसवून रक्त पाजलं होतं तो रुग्ण हुसेन खान. एका डासामागे त्याला एक आणा मिळाला. रॉसला 1902 साली नोबेल मिळालं. मलेरियाच्या इतिहासात ताप सोसणारा एक असतो आणि हिशेब मांडणारा दुसरा, हे तेव्हापासूनच आहे.

भाचीचं काम औषधांना दाद न देणाऱ्या परजीवींशी संबंधित आहे. तिने मला क्लोरोक्विनचं कसं झालं ते समजावलं, आणि मला वाटतं हे प्रत्येक घरात सांगितलं गेलं पाहिजे. परजीवी आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरून तिथलं हिमोग्लोबिन खातो. खाताना मागे जो लोहयुक्त भाग उरतो तो त्याच्यासाठीच विष असतो, म्हणून तो त्याचे खडे करून बाजूला ठेवतो. क्लोरोक्विन हे खडे होऊ देत नाही. परजीवी स्वतःच्याच उष्ट्याच्या विषाने मरतो. पण एका आजारी माणसाच्या अंगात असे परजीवी कोट्यवधी असतात. त्यांत एखादा असा निघतो की त्याच्या पोटाच्या पिशवीच्या भिंतीतलं एक दार जरासं बदललेलं असतं, आणि त्या दारातून तो क्लोरोक्विन बाहेर फेकू शकतो. औषध बाकीच्यांना मारतं, हा उरतो. औषध अपुरं, रेंगाळत, वेळी-अवेळी पडत राहिलं तर अर्धवट दाराचेही उरतात आणि पुढे पूर्ण दाराचे होतात. 1950च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडियाच्या सीमेवर आणि कोलंबियात हे पहिल्यांदा ध्यानात आलं. त्या काळी काही देशांत लोकांनी खाण्याच्या मिठातच क्लोरोक्विन मिसळलं होतं, आजारी असो वा नसो. सगळ्यांच्या अंगात थोडं थोडं औषध. परजीवीला याहून चांगली शाळा कुठली मिळणार? भारतात आसाममध्ये 1973 साली दाद न देणारा परजीवी सापडला. डासांनीही डीडीटीला जुमानणं सोडलं. साठच्या दशकाच्या मध्याला देशात वर्षाला लाखभर रुग्ण उरले होते, जिंकलोच असं सगळ्यांना वाटलं होतं, आणि 1976 साली तो आकडा चौसष्ट लाखांवर गेला.

मग चीनमधल्या तू यूयू यांनी एका जुन्या वैद्यकग्रंथातल्या थंड पाण्यात भिजवण्याच्या युक्तीवरून वनस्पतीतून आर्टेमिसिनिन काढलं, त्यांना 2015 साली नोबेल मिळालं. हे औषध झपाट्याने काम करतं, म्हणून लोक ते दोन दिवस घेऊन थांबू लागले. एकटं विकू नका, जोडीला दुसरं औषध हवंच, असं जागतिक आरोग्य संघटनेला 2006 साली सांगावं लागलं. तरी कंबोडियात त्यालाही दाद न देणारे परजीवी निघालेच, आणि अलीकडे आफ्रिकेत, रवांडा-युगांडातही. आपल्याकडे ईशान्येत जोडीचं औषध चालेनासं झालं म्हणून 2013 साली तिथली जोडी बदलावी लागली.

हे ऐकताना मला सारखा प्रमाद हा शब्द आठवत होता. तापाच्या तिसऱ्या दिवशी बरं वाटतं. गोळ्या उरलेल्या असतात. त्या डब्यात टाकून ठेवणारा माणूस कुणाला मारत नाही. त्याचा हात स्वच्छ आहे. पण त्याच्या अंगात जे उरले ते डासाबरोबर दुसऱ्याकडे गेले, तिथून तिसऱ्याकडे, आणि कधीतरी, कुठेतरी, त्याने कधी न पाहिलेल्या एखाद्या लेकराला औषध लागू पडलं नाही. डास मारू नये म्हणून जपणारे आपण ही हिंसा मोजतो का? मी आमच्या ओळखीतल्या, नेमाने सामायिक करणाऱ्या घरांतल्या फ्रिजांत उरलेल्या गोळ्यांचे डबे पाहिलेत. पुढच्या वेळी ताप आला की उपयोगी पडतील म्हणून ठेवलेले. काटकसर म्हणून त्यांचं कौतुकही होतं.

शेजारच्या मुलाचं काय झालं ते आता सांगायला हवं. विशीतला असेल, झारखंडचा. त्याला व्हायवॅक्स जातीचा मलेरिया निघाला होता. तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन असा त्याचा उपचार. चौदा दिवस का, तर व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात जाऊन झोपून राहतात. ताप उतरतो, रक्त स्वच्छ दिसतं, माणूस कामाला लागतो, आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी ते उठतात. आम्हाला कर्मसिद्धान्तात शिकवतात की बांधलेलं कर्म लगेच फळ देत नाही, ते सत्तेत पडून असतं, त्याचा अबाधाकाळ असतो, तो सरला की उदय. मलेरियावाल्या बाई गोळ्यांचं महत्त्व सांगत होत्या आणि मला कर्मग्रंथ आठवत होता. प्रायमाक्विन म्हणजे उदयाआधीच निर्जरा. (हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना आणखी सात घरं करायची होती.)

चौथ्या दिवशी त्याचा ताप गेला. सहाव्या-सातव्या दिवशी स्लॅब पडला आणि कंत्राटदाराने ती टोळी उचलून पेडण्याकडे दुसऱ्या कामावर नेली. बाई गोळ्यांची उरलेली पट्टी द्यायला आल्या तेव्हा खोलीत दुसरीच माणसं होती. "तो गेलो," त्या म्हणाल्या. फोन लावला, बंद. त्यांनी पेडण्याच्या केंद्राला कळवते म्हणून वहीत लिहून घेतलं.

आमच्याकडे मलेरिया निघाला की पहिलं वाक्य येतं, "बाहेरच्यांनी आणला." गोव्यात बांधकामावरच्या मजुरांना रक्त तपासून आरोग्य कार्ड काढावं लागतं. ते असावंच, त्यात त्यांचाही फायदा आहे. पण नुसत्या माणसाने मलेरिया पसरत नाही. त्याच्या रक्तातला परजीवी आणि मालकाच्या टाकीतला डास, दोघं लागतात. पहिल्याला कार्ड आहे. दुसऱ्याला काय आहे? टाकीला झाकण नसेल तर मालकालाही नोटीस काढता येते हे मला माहीत आहे, पण "मालकांनी आणला" हे वाक्य मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आणि त्या मुलाच्या अर्धवट गोळ्यांना मी प्रमाद म्हणायला तयार नाही. ज्याच्या हातात चौदा दिवस एका जागी राहणंसुद्धा नाही, त्याच्याकडून सावधपणाची अपेक्षा करणं सोपं आहे. ज्याला कळत होतं आणि ज्याला थांबवता आलं असतं, प्रमाद त्याचा. टोळी हलवणाऱ्याने गोळ्यांची पट्टी सोबत द्यायची होती, एवढंच.

भाचीने जाता जाता एक गोष्ट सांगितली होती, ती मी कितीतरी जणांना सांगितली आहे. आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे. तिथे क्लोरोक्विन अगदी निकामी झालं होतं, म्हणून 1993 साली त्यांनी ते वापरणं थांबवलं. साधारण दशकभराने तपासलं तर दाद न देणारे परजीवी जवळजवळ नाहीसे झालेले. पुन्हा क्लोरोक्विन देऊन बघितलं, तर रुग्ण बरे झाले. ते बदललेलं दार परजीवीलाही महाग पडतं म्हणे. औषधाची भीतीच उरली नाही की साध्या दाराचे परजीवी पुन्हा वरचढ होतात. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे सोडलं की परत मिळालं." त्यांना त्यात नवल काही वाटलं नाही.

राहिली विहीर. आमच्याकडे तीन दिवस वाद झाला. यजमानांचं म्हणणं, सोडा मासे आणि मोकळे व्हा, गावात मलेरिया आणि आपण सूत्रं म्हणत बसणार का? सासूबाई ऐकेनात. मी मधली वाट काढली. आपण मारायचं नाही, पण जन्मूही द्यायचं नाही. सुताराकडून चौकट करून घेतली, विहिरीच्या तोंडाला बारीक नायलॉनची जाळी ठोकली, घागरीपुरता दरवाजा ठेवला, त्यालाही जाळी. गच्चीवरच्या टाकीचं झाकण बदललं. दर गुरुवारी परसातली भांडी, कुंड्यांच्या ताटल्या, कूलरचं टाकं कोरडं करायचं. आरोग्यवाल्या बाई येऊन बघून गेल्या आणि समाधानी झाल्या. "पण आत आधीच्या आहेत त्यांचं काय?" सासूबाईंनी विचारलं. आठ-दहा दिवसांत त्या अळ्यांचे डास होणार आणि जाळीखाली अडकून मरणार. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आरंभी, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. तेवढे दिवस त्यांनी विहिरीचं पाणी प्यायलं नाही, नळाचंच गाळून घेतलं.

शेजारी मात्र जाळी बसवणं शक्य नव्हतं. तिथे सिमेंटचं मोठं टाकं उघडं होतं, मजूर दिवसभर त्यातून बालद्या भरत. मी मुकादमाला गाठलं. आठवड्यातून एकदा टाकं रिकामं करा म्हटलं, तर तो म्हणाला, "भाभी, पाणी विकत घेतो, टँकरचे पैसे कोण देणार?" त्याचंही खोटं नव्हतं. मग मीच आरोग्य केंद्रात फोन केला आणि त्या टाक्यात गप्पी सोडा म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोडले.

रात्री सासूबाईंनी विचारलं, "मासं तू सांगितलंस सोडाय?"

"हो."

आमच्यात पाप तीन वाटांनी येतं असं मानतात. कृत, म्हणजे आपण केलेलं. कारित, म्हणजे दुसऱ्याकडून करवलेलं. आणि अनुमोदन, म्हणजे दुसऱ्याने केलेलं बरं वाटणं. तिन्हींचं वजन सारखं. आमची विहीर स्वच्छ राहिली म्हणून मी सुटले असं नाही, हे मला फोन उचलतानाच ठाऊक होतं. आजही मी तोच फोन करीन. कारित आहे, आणि माझ्या नावावर आहे. त्या पत्र्याच्या खोल्यांत आता दुसरी मुलं झोपतात, त्यांच्यातल्या एकाबरोबर बायको आणि दीड वर्षाची मुलगी आहे.

सासूबाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पडक्कमण करताना ते मासं आठव." पडक्कमण म्हणजे प्रतिक्रमण, दिवसभरात जे घडलं ते रात्री आठवून त्याबद्दल क्षमा मागणं. त्यांच्या तोंडी तो शब्द असाच येतो.

मी आठवते. परवा गुरुवारी कुंड्यांच्या ताटल्या पालथ्या घालून झाल्यावर त्या टाक्यात डोकावले. मासे चांगले जाड झाले होते, आणि त्यांच्यात नवी बारकी पिल्लंही होती.